चौदाव्या महिन्याचा रकाना

उन्नती भोईरला माइलस्टोन तोंडपाठ होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल मान धरतं, सहाव्यात आधाराने बसतं, आठव्यात बिनआधाराचं, मग रांगतं, मग काहीतरी धरून उभं राहतं, आणि वर्षाच्या मागेपुढे पहिलं पाऊल टाकतं. नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात बालरोग हा तिचा सगळ्यात लाडका विषय होता. तोंडी परीक्षेत तिला अडवेल असा प्रश्न अजून कुणाला सुचला नव्हता. पण पाठांतर दांडगं असलं की माणसाला एक खोड लागते. समोर बघायच्या आधीच त्याला उत्तर माहीत असतं. उन्नतीला ती खोड चांगलीच लागली होती.

फेब्रुवारीत कॉलेजने प्रत्येकीला एक काम दिलं. दोन वर्षांच्या आतलं एक मूल निवडायचं, आठ आठवडे त्याच्या घरी जायचं आणि वाढ-विकासाचा फॉर्म भरायचा. बाकीच्या मुली घणसोलीच्या सेक्टरांमध्ये सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घालत बसल्या. उन्नती गावातलीच, त्यामुळे तिने आपल्याच आळीतलं मढवींचं घर गाठलं. तेजस मढवीची मुलगी देवांशी नुकतीच चौदा महिन्यांची झाली होती. गल्लीत सगळे तिला देवू म्हणत. चहा पिता पिता काम होईल, असा उन्नतीचा साधा हिशोब.

पहिल्या दिवशी तिने वजन घेतलं. देवूला काट्यावर एकटी ठेवायला तिची आजी गोजरा तयार होईना, म्हणून आजीच तिला घेऊन काट्यावर चढली आणि दोघींच्या वजनातून आजीचं वजा केलं. डोक्याचा घेर मोजला, दंडाचा घेर मोजला, पलंगावर आडवी धरून लांबी मोजली. सगळं वयाला शोभेल असं. पोर गुटगुटीत, सहा दात आलेले, टाळ्या वाजवणारी, ‘दे’ आणि ‘नाय’ हे दोन शब्द नको तितक्या वेळा बोलणारी. मग देवूची आई मनाली चहा आणि बोंबलाची चटणी-भाकरी घेऊन आली. हा काही चहाबरोबर खायचा पदार्थ नाही, पण मढवींच्या घरात असले नियम चालत नसत. गप्पा रंगल्या आणि उरलेले रकाने तसेच राहिले.

ते उन्नतीने घरी येऊन भरले. आधाराने उभी राहते: हो. धरून चालते: हो. हात सोडून दोन पावलं टाकते: हो. आपण खोटं लिहितोय असं तिला क्षणभरही वाटलं नाही. एवढी तरतरीत पोर उभी राहत नसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

गीतांजली मॅडमनी तो फॉर्म दोनदा वाचला. मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या, आणि आता बालरोग शिकवणाऱ्या. दर दहा फॉर्ममधला एक उचलून त्या घरी जाऊन पडताळून बघत.

“तुझाच बघू आपण,” त्या म्हणाल्या. “एक खाडाखोड नाही की कुठं प्रश्नचिन्ह नाही. पोरं इतकी शिस्तीत वाढत नसतात गं.”

उन्नतीला तेव्हाही काळजी वाटली नाही.

गुरुवारी सकाळी दोघी मढवींच्या जिन्याने वर गेल्या. तेजसने जुनं घर पाडून चार मजले चढवले होते. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, पहिल्या मजल्यावर घरचे. हॉल चांगला ऐसपैस, टाइल्स अशा लखलखीत की चालताना माणूस बिचकावा. गोजरा पलंगावर बसली होती आणि देवू तिच्या मांडीत.

मॅडमनी पोरीला घेतलं तेव्हा आजीने हात सोडले खरे, पण नजर सोडली नाही. मॅडमनी चमचा दिला. देवूने तो या हातातून त्या हातात घेतला आणि पलंगाच्या कडेवर आपटला. मॅडमनी रुमालाखाली चमचा लपवला, तिने रुमाल ओढून काढला. नाव घेतल्यावर वळली. आई कुठंय विचारल्यावर स्वयंपाकघराकडे बोट केलं. उन्नती मनातल्या मनात एकेका रकान्यावर बरोबरची खूण करत होती. मग मॅडमनी देवूला काखेत धरून उचललं आणि तिचे पाय जमिनीकडे न्यायला लागल्या.

“नको मॅडम,” गोजरा ताडकन उठली. “जमिनीला नको. आमचा नवस हाय.”

मॅडम थांबल्या. त्यांनी वाद घातला नाही. त्या पलंगावर बसल्या आणि विचारलं, “माझ्या मांडीवर उभी करू? तिथं चालेल?”

गोजराने मान डोलावली. मॅडमनी देवूचे तळवे आपल्या मांडीवर टेकवले. पाय गुडघ्यात दुमडले आणि पोर खाली बसली. त्यांनी पुन्हा उभी केली. देवूने दोन्ही पाय वर ओढून घेतले. तिसऱ्या वेळी ती रडायला लागली आणि आजीकडे झेपावली. मॅडमनी फॉर्मची घडी घातली आणि ती उन्नतीच्या हातात दिली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

नवसाची गोष्ट मनालीने सांगितली. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा दिवस जाऊन पोटातच गेलेले. तिसऱ्या वेळी गोजरा गावदेवीपुढे उभी राहिली आणि बोलली, की पोर सुखरूप हाती लागलं तर त्याचे पाय जत्रेच्या दिवशी आधी तुझ्या पायरीला लागतील, त्याशिवाय जमिनीला लागणार नाहीत. जत्रा चैत्रात. गेल्या चैत्रात देवू चार महिन्यांची होती आणि तिला खोकला होता, म्हणून वर्षाने पुढे ढकललं. तेव्हापासून पोर मांडीत, झोळीत नाहीतर कडेवर. पलंगावर पालथी पडली की आजी तिला सुलटी करून उचलून घेई. एका घरात प्रेम किती असावं याला काही सुमार नसतो, आणि ते सगळं एकाच पोरीच्या वाट्याला आलं होतं.

“एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवूच,” मॅडम म्हणाल्या. “ह्या वयात पायांवर अजिबात भार न घेणं, हे अंदाजावर सोडायचं नसतं.”

जिना उतरताना उन्नतीला वाटलं, आता बोलणी बसणार. मॅडम शेवटच्या पायरीवर थांबल्या.

“तुझे मार्क जातील. ते तू भरून काढशील,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण हा कागद वाचून उद्या एखादी सिस्टर म्हणाली असती, चालतेय पोर, काही बघायला नको. मग देवूचे अजून सहा महिने गेले असते. ते कोण भरून देणार होतं?”

यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तेजसने रजा काढली आणि पोरीला वाशीला नेलं. डॉक्टरांनी खुबे तपासले, गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली, रक्त तपासलं. नसा, हाडं, सांधे, कशातच दोष दिसत नव्हता. “हिला जमीन द्या,” ते म्हणाले. “रोज, जमेल तितका वेळ. महिन्याने परत आणा. तेव्हा थोडाफार भार घ्यायला लागली तर प्रश्न मिटला. नाही घेतला, तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतील.”

महिना हातात होता आणि जत्रेला दोन महिने. गोजराला हे सांगितलं तेव्हा तिने एकच वाक्य धरलं, जत्रेपर्यंत थांबायचं. तेजस चिडला, तिने ऐकलं नाही. मनाली पाया पडली, तरीही नाही. घरात जेवणं मुकाट्याने व्हायला लागली.

“तूच सांग आत्यांना,” मनालीने उन्नतीला जिन्यात गाठून सांगितलं. डोळे रडून लाल झाले होते. “मी बोलले की सून बोलते असा होतो. डॉक्टर बोलला तर तो परका. तू आळीतली हायस. आनि मला भीती वाटते गं. महिना गेला आनि तरी नाय उभी राहिली तर?”

दुपारी उन्नती गच्चीवर गेली. गोजरा तिथे जवळा वाळत घालत होती. एका हाताने कोळंबीसारखी ती बारीक मासळी पसरायची आणि दुसऱ्या हाताने कडेवरच्या देवूला सांभाळायचं, अशी कसरत ती महिनोन्महिने करत आली असावी. उन्नतीने सुरुवात केली ती पुस्तकातूनच. स्नायूंना ताकद कशी येते, मेंदू शिकतो कसा, कुठल्या महिन्यात काय व्हायला हवं. गोजरा ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता.

“तुज्या बुकात देवी हाय काय?” तिने शेवटी विचारलं.

“नाय, आजी.”

“मंग त्या बुकाला काय ईचाराचा.”

उन्नतीचं सगळं पाठांतर तिथे संपलं. ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. पर्समधला तो घडी घातलेला फॉर्म तिने बाहेर काढला, आणि बोलायला आली होती त्यातलं काहीच न बोलता भलतंच बोलून बसली.

“आजी, मी ह्याच्यात खोटा लिवला होता. देवू चालते असा लिवला. मी तिला उभी असलेली कधी बघितलीच नव्हती.”

गोजराचा हात थांबला. “कशाला असा केलास?”

“मला वाटला, मला माहीत हाय.” उन्नतीने फॉर्मची घडी उलगडली. “मॅडमनी पकडला नसता तर कोनाला कळला पन नसता. मला आता लाज वाटते तुमच्या घरात यायची. पन सांगितल्याबिगर राहवेना.”

गोजराने जवळ्यातून हात काढला, पदराला पुसला. मग ती उन्नतीच्या शेजारी येऊन बसली आणि अगदी हळू बोलायला लागली, जणू खालच्या मजल्यावर कुणी कान देऊन बसलंय.

“मी पन केलाय खोटा. वसुबारसेला ही सगली बाजारात गेली होती. मी नि देवू दोघीच. शेजारची तिच्या वयाची पोरा बघून बघून जीव कसा व्हायचा माजा. म्हटला एकदा बघू, कोन बगतंय. हॉलमदी तिचं पाय टेकवलं मी.” तिने देवूचं पाऊल मुठीत धरलं. “टेकवलं नि ती खालीच बसली. पायांत जीवच नाय. कापडाची घडी पडावी तसा झाला. मी नवस मोडला, नि देवीनं पोरीचं पाय काढून घेतलं. चार महिनं झालं. तेजसला बोलले नाय, सुनेला नाय. म्हटला जत्रेला जाईन, पायरीवर नाक घासीन, माफी मागीन. मंग देईल ती. त्याच्या आदी कसा खाली ठेवू तिला? अजून काय काढून घेतला तर?”

सगळं घर जिला हट्टी म्हणत होतं ती बाई चार महिने भीतीने अर्धी झाली होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपणही तिच्या मांडीकडे बघितलं, तोंडाकडे बघितलंच नाही, असं उन्नतीला वाटलं. तिने आजीचा हात धरला.

“आजी, त्याच्या आदी कधी तिला उभी केलेली?”

“कधीच नाय. नवस होता ना.”

“अकरा महिन्यांत एकदा पन नाय. मग पयल्या दिवशी ती उभी कशी राहील? कोनाचा पन पोर बसलाच असता खाली. पाय टेकवून टेकवून ताकद येते. देवीनं काढून नाय घेतली. ती अजून आलीच नव्हती.”

गोजराला पटलं होतं असं काही दिसेना. तेव्हा उन्नतीने फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि या वेळी आधी विचारलं.

“वसुबारसेला दात किती होते?”

“दोन. खालचं.”

“आता सहा. टाल्या कधी वाजवाला लागली?”

“नाताळाला. वरच्या भाडेकऱ्यांची गाणी लागली होती तवा.” गोजरा आठवू लागली. “आनि बोट दाखवाला लागली ती संक्रांतीला. चुरमुरं मागत होती.”

“बोलली कधी?”

“पोरीचा पयला वाढदिस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आदी ‘आजी’ बोलली. ‘आई’ मागून. सून दोन दिवस फुगली होती माज्यावर.”

“आनि आजारी किती वेला पडली, दिवालीपासून?”

गोजराने मनातल्या मनात महिने मोजले. “एकदा पन नाय,” ती सावकाश म्हणाली. “शेंबूड पन नाय.”

उन्नतीने लिहिलेला कागद तिच्यापुढे धरला. गोजराला वाचता येत नव्हतं, पण पाच ओळी आहेत हे तिला दिसत होतं. चार महिन्यांचा तो हिशेब ती बघत बसली. देवूने कागद ओढला, तोंडात घालायला गेली, तेव्हा आजीने तिला अडवलं आणि मग अचानक पदर डोळ्यांना लावला.

“देवी रागावली असती तर एवढा कशाला दिला असता तिनं,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा उन्नती उत्तर माहीत असूनही गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी गोजराने कुणाला न विचारता साडी-चोळी, खण आणि नारळ घेतला आणि देवूला घेऊन गावदेवीला गेली. तिथे ती बराच वेळ बोलत होती, असं देवळातल्या गुरवाने नंतर तेजसला सांगितलं. काय बोलली ते त्याला कळलं नाही. परत आली ती हॉलमध्ये उभी राहूनच म्हणाली, “देवीला सगला सांगितला. पायरीला पाय लावून आनलं. जत्रेला परत जाऊ. आता हिला खाली ठेवा.” आणि तिने स्वतःच देवूला चटईवर ठेवलं. मनाली पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली.

पहिल्याच दिवशी पोर उठून धावली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण देवूने भोकाड पसरलं. गार फरशी पायाला लागली की ती बोटं आखडून घेई, पालथी घातली की आजीकडे हात करी. उन्नती आता एक दिवसाआड यायला लागली. मॅडमनी शिकवलेले व्यायाम तिने मनालीला शिकवले. तेजसने सोफा भिंतीला लावून हॉल मोकळा केला. आठवड्याने देवू पोटावर राहायला शिकली. दुसऱ्या आठवड्यात ती रांगली, आणि तीही मागे मागे, थेट टीव्हीच्या टेबलाखाली. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यांवर उभी राहून तिने प्लॅस्टिकच्या स्टुलावरची वाटी खाली पाडली, आणि घरात असा आनंद झाला की मनालीने शिरा केला. उन्नती सगळं लिहीत होती. फॉर्मवर खाडाखोड होती, प्रश्नचिन्हं होती, एका ठिकाणी तर ‘आज रडली, काहीच केलं नाही’ एवढंच होतं. मात्र उभं राहण्याच्या रकान्यापुढे अजून ‘नाही’ होतं, आणि डॉक्टरांकडे जायला दोन दिवस उरले होते.

त्या सकाळी गीतांजली मॅडमही आल्या. देवू हॉलच्या मधोमध बसली होती. स्टूल दोन हातांवर. ती रांगत गेली, स्टूल धरलं, गुडघ्यांवर आली. मग एक पाऊल फरशीवर रोवलं. दुसरा पाय आला, पाठ सरळ व्हायला लागली, आणि तेवढ्यात गुळगुळीत फरशीवरून स्टूल सरकलं. देवू धपकन बसली. ओठ वाकडा झाला.

मनाली धावली.

“नको,” गोजरा म्हणाली. “उचलू नको. कोनी उचलू नका तिला.”

ती पलंगासमोर खाली बसली होती, आणि तिने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते. चौदा महिने ज्या हातांनी पोरीला उचलूनच धरलं होतं, ते हात तिने वजन टाकून अडकवले होते. तिच्या मानेची शीर ताणलेली उन्नतीला स्पष्ट दिसली.

देवूने आईकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग आजीकडे. कुणीच येत नाही असं दिसल्यावर ती रडायचं विसरली. रांगत रांगत ती आजीपर्यंत गेली, आजीच्या खांद्यावरचा पदर मुठीत धरला, आणि ओढत, हुंकारत, एक एक करून दोन्ही पायांवर उभी राहिली. गुडघे लटपटत होते. पण पाय दुमडले नाहीत. आजीच्या नाकासमोर तिचं नाक आलं, आणि तिने आजीच्या गालाला हात लावला.

गोजराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने हात काढले नाहीत. मानही वळवली नाही.

“उन्नती,” ती म्हणाली, “लवकर लिव गं. मंग मला तिला घेवाची हाय.”